बाल्कनीतल्या मिरचीला 'औषध' का मारत नाही

परवा एक मैत्रीण घरी आली होती, बाल्कनीत चहा पिता पिता म्हणाली, "कुंड्यांत भाजी लावायचा एवढा खटाटोप कशाला गं करतेस, खाली वीस रुपयांत पावशेर मिरची मिळते की." मी आपलं ठरलेलं उत्तर दिलं, घरचं ते घरचं, चव बघ ना वगैरे. ती गेल्यावर वाटलं, अर्धी थापच मारली आपण. चव लागते हो, मेथी खुडून दहा मिनिटांत कढईत पडली की लागणारच, पण ते ताजेपणाचं कौतुक आहे, युरिया घालून वाढवलेली मेथी इतकी ताजी खुडली तर तीही छानच लागेल. आणि पैसे वाचतात म्हणावं तर कुंड्या, कोकोपीट, बिया, माती चौथ्या मजल्यावर चढवून देणाऱ्या दादांचे पैसे असं सगळं धरलं तर मागच्या वर्षीचा माझा एकेक टोमॅटो साधारण हापूसच्या भावात पडला.

मग का करते, आणि तेही औषध-युरियाशिवाय? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. घरी कापूस, म्हणजे आमच्याकडे पऱ्हाटी. लहानपणी फवारणीचे दिवस मला वासावरून कळायचे. बाबा वावरातून आले की पंप ओसरीवर ठेवायचे, तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडायचे आणि आधी न्हाणीत जायचे, तोपर्यंत आई आम्हाला जवळ जाऊ द्यायची नाही. आणि फवारायच्या डब्यातल्या त्या कीटकनाशकाला आमच्याकडे कोणीच विष म्हणायचं नाही, 'औषध' म्हणायचे. औषध मारलं, औषध संपलं, औषध आणायला गेले. आणि गावात कोणी जिवाला कंटाळून काही केलं तरी शब्द तोच, 'औषध घेतलं'. पुण्यात आल्यावर नवऱ्याला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा त्याला वाटलं, दवाखान्यातलं औषध.

२०१७ चा पावसाळा तिकडच्या लोकांना विसरता येणार नाही. यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, म्हणजे फवारा खाली पायाकडे नाही तर तोंडासमोर मारायचा, अंगावर साधा सदरा आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. आमच्या घरी काही झालं नाही, पण ते दोन महिने मी रोज फोन करून एकच विचारायची, आज फवारणीला गेले का.

तर ही मी. आता मी सहा कुंड्यांसाठी तोच डबा घरात आणू? चौथ्या मजल्यावर? जिथे सहा वर्षांचा पोरगा शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी चेरी टोमॅटो तोडून तोंडात टाकतो, धुणं नाही, पुसणं नाही.

आणि भावना बाजूला ठेवली तरी हिशोब जमत नाही. ही औषधं शेतासाठी असतात, मारल्यावर इतके दिवस माल काढायचा नाही असं त्यावर लिहिलेलं असतं. वावरात ते पाळता येतं निदान. बाल्कनीत मी रोज तोडते, आज चार मिरच्या, उद्या कढीपत्ता, परवा आमटीवर टाकायला चिमूटभर कोथिंबीर, कुठून आणू ते मधले सात दिवस. शिवाय लिटरला दोन मिली असं प्रमाण, मला लागणार अर्धा लिटर पाणी, म्हणजे बाटलीतलं एक मिली वापरून उरलेली बाटली ठेवायची कुठे, सिंकखाली, भांड्याच्या साबणाशेजारी?

खताचंही तेच, ते तर मी करून बघितलंय. पहिल्या वर्षी वांगं पिवळं पडलं म्हणून गावाहून आणलेला युरिया घातला, एक चमचा, म्हटलं चमच्यानं काय होतंय. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या आणि आठवड्यात झाड गेलं. नंतर कागद घेऊन बसले. एक गोणी ४५ किलोची. एकरात ४३,५६० चौरस फूट. एकराला एक गोणी टाकली तर चौरस फुटाला साधारण एक ग्रॅम पडतो, आणि माझी बारा इंची कुंडी तर पाऊण चौरस फूट. म्हणजे पाऊण ग्रॅम घालायचा होता आणि मी घातला पाच ग्रॅम! बाबांना सांगितलं तर हसून हसून खोकला आला त्यांना, शेतकऱ्याच्या पोरीनं वांगं जाळलं म्हणून. शेणखत किंवा घरचं कंपोस्ट मूठभर जास्त पडलं तर झाड असं मरत नाही, माझ्यासारख्या अंदाजपंचे माणसाला तेच बरं.

कंपोस्टची सुरुवातही काही ग्रेट नव्हती. सगळा ओला कचरा बादलीत कोंबला, वास सुटला, चिलटं खालच्या काकूंच्या देवघरापर्यंत पोचली, त्यांनी वर येऊन अगदी गोड शब्दांत झापलं. चूक एवढीच की सुकं काही घातलं नव्हतं. आता सोसायटीत झाडून जाळायला गोळा केलेला पाला मी पोत्यात भरून वर आणते, ओल्या कचऱ्याच्या दुप्पट सुका पाला, वास बंद. आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीतून उसाची चिपाडं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीवरच्या शेतीत ही चिपाडं वापरली होती, आणि आपल्या कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर 'प्रयोग परिवार' या प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटातून पालापाचोळ्याचंच तर सांगत होते. अर्धी कुंडी चिपाडं, मग पाला, वर दोन-तीन मुठी माती-कंपोस्ट. कुंडी एका हातानं उचलते, बाल्कनीवर वजन नाही, आणि तीन महिन्यांत आतलं सगळं काळं भुसभुशीत होऊन खाली बसतं. रसवंतीवाला पहिल्यांदा विचारत होता, ताई गाय पाळली का?

कीड येते. सेंद्रिय म्हणजे कीड नाही असं कोणी सांगत असेल तर त्याच्या कुंडीत झाडच नसणार. मागच्या हिवाळ्यात वालावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारकी कीड आली, कोवळे शेंडे काळे झाले, आणि त्यात एक काळा लांबट किडा फिरताना दिसला, पाठीवर नारिंगी ठिपके, अगदी बारकी मगर. मी तीन-चार चिरडले. मग फोटो काढून कळलं की ती ढालकिड्याची, म्हणजे आपल्या लेडीबर्डची अळी, आणि ती माव्यावरच जगते, एकेक अळी शेकडो मावा फस्त करते. म्हणजे मी माझेच मजूर मारत होते. उरलेल्यांना हात लावला नाही, दहा दिवसांत शेंडे साफ. औषध मारलं असतं तर मावा आणि ही दोन्ही गेली असती, आणि मावा आधी परत आला असता.

फारच झालं तर निंबोळी. ५० ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर, गाळून, थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी मारायची, उन्हात मारली तर तिचा जोर लवकर उतरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तंबाखूच्या पाण्याची रेसिपी फिरते ती मात्र मी करत नाही, निकोटिन हे विषच आहे, झाडापासून आलं म्हणून काय झालं.

बाबा दिवाळीनंतर आले होते. पहिल्याच सकाळी बाल्कनीत जाऊन मिरचीचं पान उलटं करून बघितलं आणि तिथूनच ओरडले, "कोनतं औषध मारून राहिली वं याच्यावर?" म्हटलं, काहीच नाही. काही बोलले नाहीत. स्टूल ओढून बसले आणि एकेक पान पालथं करून अंगठ्यानं मावा पुसायला लागले, मध्ये मध्ये मगातल्या पाण्यात अंगठा बुडवत. अर्धा-पाऊण तास. चहा गार झाला.

उठताना म्हणाले, "चार झाडं हाय म्हणून जमते तुले." मग कोपऱ्यातलं पाचवं झाड दिसलं त्यांना, पुन्हा बसले.