कॅन्सर गेला, तपासण्या राहिल्या

आमच्या लेकीला सहाव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला, एएलएल. मुंबईला टाटामध्ये जवळपास अडीच वर्षं उपचार चालले. आता ती अकरावीला आहे. त्या अडीच वर्षांबद्दल इथे गोव्यात, आमच्या डिचोलीत, अजून लोक विचारतात. पुढचं कुणी विचारत नाही, म्हणून तेच लिहिते.

उपचार चालू असतात तोवर काय करायचं ते डॉक्टर ठरवतात. रक्तातल्या पेशींचा काउंट बघा, गोळी कमी करा, एलपीला (पाठीच्या कण्यात सुई घालून औषध द्यायला) या. मेंटेनन्स, म्हणजे उपचारांचा शेवटचा लांब टप्पा, संपला की हे सांगणारं रोज कुणी नसतं. सुरुवातीला तिला साधा ताप आला तरी माझे हात तिच्या मानेवर गाठी चाचपायचे. ती भीती हळूहळू ओसरली. पण औषधांनी शरीरात मागे काय ठेवलंय, ही चिंता वर्षं गेली म्हणून संपत नाही.

टाटामध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे, एसीटी, म्हणजे 'आफ्टर कम्प्लिशन ऑफ ट्रीटमेंट'. तिथे मिसरूड फुटलेली, धडधाकट पोरं रांगेत बसलेली बघून मला काही बोलायलाच सुचेना. डॉक्टरांनी सगळं सावकाश समजावलं. डॉक्सोरुबिसिनसारख्या किमोच्या औषधांचा हृदयावरचा परिणाम कित्येक वर्षांनीही दिसू शकतो, म्हणून अधूनमधून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. स्टेरॉइडमुळे खुब्याचं हाड दुखतंय का, तेही बघायचं. पाठीच्या कण्यातून दिलेल्या मेथोट्रेक्सेटमुळे काही मुलांना लक्ष टिकवणं, आकडेमोड जड जातं. डोक्याला रेडिएशन दिलेल्यांच्या तपासण्या आणखी जास्त. तिला ते द्यावं लागलं नव्हतं.

तिथून मिळालेला उपचारांचा सारांश सगळ्यात कामाला आला. कुठलं औषध, एकूण डोस किती, पुढे कोणती तपासणी कधी, हे सगळं मोजक्या ओळींत. ती जाडजूड फाइल कुणी डॉक्टर वाचत नाही, आणि ओपीडीतली गर्दी बघता मी त्यांना दोषही देत नाही. इको आणि रक्ताच्या तपासण्या आम्ही इथे गोव्यातच करून घेतो, रिपोर्ट घेऊन मुंबईला जातो. इथल्या एका डॉक्टरांनी विचारलं होतं, "कॅन्सर बरा झाला ना? धाप लागत नाही, मग इको कशाला?" मी सारांशातली डॉक्सोरुबिसिनच्या एकूण डोसाची ओळ दाखवली. त्यांनी वाचली आणि काही न बोलता चिठ्ठी लिहिली.

थिवीहून कोकणकन्येने जाताना रेल्वेची सवलत तपासणीसाठीही मिळते: स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटला तिकीट माफ, सोबतच्याला ७५ टक्के सूट. फॉर्म हॉस्पिटलमधून आधी भरून घ्यावा लागतो.

शाळेचं मात्र कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. आठवीत गणित अडकलं. एका टीचरना तिची कणव यायची, दुसऱ्या म्हणायच्या लाडावलीय. दोन्हींचा उपयोग शून्य. शेवटी समुपदेशक बाईंनी तिची रीतसर चाचणी करवली. मग पुढचा बाक, गणिताच्या पायऱ्या लिहून देणं, शाळेच्या परीक्षेत थोडा जादा वेळ, एवढ्यावर ती सावरली. हुशारीत कमी नव्हतीच.

इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा गट आहे, लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्या तरुणांचा. तिथल्या एका ताईशी बोलल्यावर लेकीने पुढच्या भेटीत डॉक्टरांना थेट विचारलं, "मला मुलं होतील का?" मला हे तिने कधी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, तुला मिळालेल्या डोसात शक्यता चांगली आहे, पण गरोदरपणात हृदयाची तपासणी चुकवायची नाही. मी मागच्या स्टुलावर बसून ऐकत होते.

नव्या उच्च माध्यमिकात तिने दोघी मैत्रिणींना आणि खेळाच्या सरांना सांगितलंय. प्राचार्यांना सांगूया म्हटलं तर म्हणाली, "आई, गरज लागली की मी सांगेन." सारांशाचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये आहे, मूळ कागद माझ्या कपाटात. पुढचा इको गणेश चवथ झाल्यावर. अपॉइंटमेंट तिने घ्यायची आणि मी विचारायचं नाही, असं ठरलंय. एकदा विचारून झालंय.