तुम्ही विचारलंत म्हणून: शिक्षक शेजारी असताना अपघात होतोच कसा?

प्रशिक्षणाच्या उड्डाणात हेलिकॉप्टर कोसळल्याची बातमी आली की ओळखीचे लोक मला हाच प्रश्न विचारतात. मी सैन्यात बरीच वर्षं चीता हेलिकॉप्टर उडवायला शिकवलं, आणि एक अपघात माझ्याही नावावर आहे.

इंजिन बंद पडलं म्हणून हेलिकॉप्टर दगडासारखं खाली येत नाही. डाव्या हातातला कलेक्टिव्ह नावाचा दांडा लगेच खाली केला की पात्यांचा कोन कमी होतो आणि खालून येणारी हवाच पाती फिरवत ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. चीता ज्या फ्रेंच लामा हेलिकॉप्टरवरून बनलं, ते वैमानिक ज्याँ बुले यांनी १९७२ साली १२,४४२ मीटर अशा विक्रमी उंचीवर नेलं. तिथे इंजिन विझलं, आणि ते असेच जमिनीपर्यंत सुखरूप उतरले. खरी परीक्षा शेवटच्या काही सेकंदांची. जमीन जवळ आली की नाक उचलून वेग मोडायचा, मग हेलिकॉप्टर सपाट करायचं, आणि पात्यांत उरलेला जोर कलेक्टिव्ह ओढून वापरायचा. तो एकदाच मिळतो.

हे वाचून येत नाही. म्हणून इंजिनाचा जोर मुद्दाम काढून विद्यार्थ्याकडून ते पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं. अपघाताच्या उंबऱ्यापर्यंत आम्ही रोज आपण होऊन जातो. विद्यार्थ्याला चुकूच दिलं नाही, तर चूक सावरायला तो शिकणार कधी? शिक्षकाचे हात दांड्यांच्या अगदी जवळ असतात, दांड्यांवर नसतात.

माझा विद्यार्थी आठवडाभर नाक कमी उचलत होता. वेग मोडतच नव्हता. मी रोज ओरडायचो, "अजून वर, अजून वर!" त्या सकाळी त्यानं नाक छान उचललं. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं अजून आठवतं, कारण तेवढ्यात नाक जास्तच वर गेलं होतं आणि जमीन आली होती. आता करेल सपाट, असं मनात आलं. मी नाक खाली आणायला उजव्या हातातला दांडा पुढे ढकलला तेव्हा शेपूट टेकलेलं होतं. टेल रोटर, म्हणजे शेपटावरचा छोटा पंखा, तुटला, स्किड, म्हणजे खालची टेकायची दांडी, वाकडी टेकली आणि आम्ही कुशीवर कलंडलो. वरची पाती मातीवर आपटून तुटत राहिली. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. मला नुसतं खरचटलं.

चौकशीत मी सांगितलं की मला उशीर झाला. किती? सेकंदभर असेल.

हा प्रश्न पहिल्यांदा विचारला त्याच्या आईनं, इस्पितळाच्या व्हरांड्यात. "सर, तुम्ही शेजारीच होतात ना?" आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. आत्ता लिहिलं ते सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं. मी "हो" एवढंच म्हणालो.