हेलकाव्याचं मूळ सापडलं : टाकी, सॅग आणि शेपटीवरचं ओझं

शेवटी धागा हाती लागला. सामान लादून ताशी शंभरच्या पुढे गेलं की माझी मोटारसायकल मागून हेलकावे खाते, हे रडगाणं मागच्या दोन्ही भागांत तुम्ही वाचलंय. त्याचा पत्ता टायरने दिला नाही, कोनसेटनेही (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) दिला नाही. दिला पेट्रोलच्या काट्याने.

टाकी गळ्यापर्यंत भरून, दोन्ही पेट्या आणि टॉप बॉक्स लावून निघालो तेव्हा ताशी ११० ला गाडी शांत होती. वाटलं, पेट्यांच्या खालच्या कंसातली झिजलेली रबरं बदलली त्याचाच हा गुण. टाकी निम्म्यावर आली आणि १०५ ला मागे किंचित लवलव जाणवली. राखीवला पोचेपर्यंत ९८ ला सरळसरळ हेलकावा, सेकंदाला दोन-तीन. पेट्रोल भरलं, तोच रस्ता उलटा धरला, आणि हेलकावा गायब! हवेचा दाब तोच, टायर तेच, सामान तेच. बदललं होतं फक्त टाकीतलं वजन. ती टाकी गाडीच्या पुढच्या अर्ध्यात बसते, हे एकदा डोक्यात आलं आणि बाकी सगळं आपोआप जुळत गेलं.

त्याआधी काय काय बाद झालं ते थोडक्यात. पुढचं चाक उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. मध्ये कुठे खाच लागत नाही, फोर्क पुढेमागे हलवल्यावर टकटक नाही, म्हणजे कोनसेट ठणठणीत. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बेअरिंग पक्के. आरे सगळे एका सुरात वाजतात. चाकांची सरळ रेष दोऱ्याने तपासली, कारण चिमट्यावर ठोकलेल्या खुणांवर माझा कधीच विश्वास नव्हता. दोन्ही बाजूंनी ताणलेला दोरा मागच्या टायरला पुढून-मागून चिकटून थेट पुढच्या चाकाशी गेला आणि दोन्हीकडे सारखी फट राहिली. तो क्षण फार सुखाचा होता. खुणांनुसार चाक अर्धा घर तिरकं दिसतं, दोऱ्यानुसार अगदी सरळ आहे. चेन बसवताना दोराच वापरा, खुणा विसरा.

आता मूळ विषय. हँडल सेकंदाला सात-आठ वेळा थरथरतं तो रोग वेगळा, त्यात पुढचं चाक आणि कोनसेट बघायचं. आपल्या गाडीचा हेलकावा संथ आहे, सगळी गाडी त्यात सामील होते आणि वेग वाढेल तसा तो विरायला जास्त वेळ घेतो. रॉबिन शार्प यांनी १९७१ साली मोटारसायकलच्या स्थैर्याचं गणित मांडताना हे दोन प्रकार वेगळे दाखवले होते, आणि वेग वाढला की या संथ हेलकाव्याचं दमन, म्हणजे आपोआप विरणं, कमी होतं हेही त्यातून दिसलं. मागच्या आसाच्या मागे, उंचावर वजन ठेवलं की तो आणखी बिघडतो. लांब शिडीच्या शेवटच्या टोकाला बादली अडकवून ती खांद्यावर घ्या आणि वळून बघा; वळायला जड, थांबायला त्याहून जड. आपला टॉप बॉक्स म्हणजे ती बादली. त्यात मागचा भाग बसला की नाक वर होतं आणि काचेखाली, चोचीखाली वारा शिरून पुढचं चाक आणखी हलकं करतो.

पण तर्क तर्क म्हणून सोडायचा नाही असं ठरवलं आणि वजनकाटा काढला. १८० किलोपर्यंत मोजणारा साधा घरगुती काटा पुरतो. एक चाक काट्यावर, दुसरं तेवढ्याच जाडीच्या फळीवर. पातळी सारखी नसेल तर आकडा खोटा येतो. नुसती गाडी, टाकी फुल्ल : पुढे १०६, मागे १०९. चाळीस किलो सामान लादलं : पुढे १०२, मागे १५३. म्हणजे चाळीस किलो लादल्यावर मागच्या चाकावर चव्वेचाळीस वाढले आणि पुढचं चार किलोने हलकं झालं! टॉप बॉक्स आसाच्या मागे लटकतो तो पुढचं टोक तरफेसारखं उचलतो, त्याचा हा हिशोब. मी हेल्मेट-जॅकेट वगैरे सगळं गिअर घालून बसलो की नुसत्या गाडीत पुढे १३२ येतात, सामानासकट १२८. टाकीतले अठरा लिटर संपले की तेरा-एक किलो जातात, त्यातले आठ पुढच्या चाकावरचे. उरले १२०. म्हणजे रिकाम्या गाडीच्या तुलनेत पुढून बारा किलो गायब आणि मागे जवळपास चाळीस जास्त. हेलकावा ९८ ला का सुरू होतो याचं मला आता आश्चर्य वाटत नाही.

मग सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती खाली बसतं ते. ही मोजणी नीट करायची तर दोन माणसं हवीतच. मागचं चाक अधांतरी करून आसापासून शेपटीवरच्या एका ठरलेल्या बिंदूपर्यंत उभं अंतर घ्यायचं, ते शून्य. मग गाडी जमिनीवर, मग स्वार बसल्यावर, मग सामानासकट. शॉकअप आणि लिंकेज (शॉकअपला चिमट्याशी जोडणारे दांडे) थोडं अडून बसतं, म्हणून प्रत्येक वेळी एकदा दाबून हळू सोडायचं, एकदा उचलून हळू सोडायचं, आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. मी एकदाच मोजलेल्या सॅगवर चर्चा करत नाही, आणि तुम्हीही करू नये असं मनापासून वाटतं.

मागची चाल, म्हणजे चाक वर-खाली जाण्याचं एकूण अंतर, २२० मिमी. नुसती गाडी २२ मिमी बसते, मी बसल्यावर ६६, म्हणजे बरोबर तीस टक्के. सामानाशिवाय ही गाडी इतकी गोड का चालते ते इथे कळतं. सामान लादलं की आकडा १०२ वर जातो. शेहेचाळीस टक्के! उभ्या गाडीतच निम्मी चाल संपलेली. छत्तीस मिलिमीटर शेपटी खाली गेली म्हणजे दीड मीटरच्या व्हीलबेसवर (दोन आसांमधलं अंतर) गाडीचा कोन साधारण १.४ अंशाने बदलला.

यावर पहिला उपाय सगळे सांगतात तो प्रीलोडचा, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवण्याचा. गोल नॉब शेवटपर्यंत फिरवला. व्हर्नियरने मोजलं तर स्प्रिंग दाबणारी कॉलर १० मिमी सरकली आणि शेपटी २४ मिमी वर आली. हे दोन आकडे शेजारी लिहिल्यावर मी जागीच नाचलो, कारण शॉकअप न काढता लिंकेजचं गुणोत्तर हातात आलं : २.४. स्प्रिंगवर छापलंय ७०, म्हणजे ७० न्यूटन प्रति मिमी. त्याला २.४ च्या वर्गाने भागलं की चाकापाशी १२ उरतात. पडताळा बघा : चव्वेचाळीस किलो म्हणजे ४३२ न्यूटन, शेपटी बसली ३६ मिमी, भागाकार १२. काटा, टेप आणि गणित तिन्ही एकच बोलतायत. या छंदात असे क्षण मोजके येतात.

फुल्ल प्रीलोडला सामानासकट सॅग ७८ आला. वाटेल की झालं काम. पण सामान उतरवून, खाली उतरून पाहिलं तर नुसत्या गाडीचा सॅग शून्य. शॉकअप वरच्या टोकाला टेकलेला. चढाच्या माथ्यावर मागून जो खट् आवाज येतो तो हाच. स्वारासकट सॅग जेमतेम जमतो आणि नुसत्या गाडीचा उरत नाही, याचा अर्थ एकच : या ओझ्याला स्प्रिंग मऊ पडते. प्रीलोडने गाडीची उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, हे कितीही वेळा लिहिलं तरी कमीच.

तर स्प्रिंग कोणती घ्यायची? ८५ घेतली तर चाकापाशी १४.८ येतात. मी ३६ मिमी बसवतो, सामान २९. एकूण सॅग सत्तर मिमीवर थांबवायचा तर नुसत्या गाडीला जेमतेम पाच उरतात. कमी आहेत. ९५ घेतली तर बत्तीस अधिक सव्वीस, बारा उरतात. हे बरं. पण मग एकट्याने, पेट्या न लावता, दगडगोट्यांच्या वाटेवर? तिथे ९५ ची स्प्रिंग माझं वजन बघून हलणारच नाही, आणि ही गाडी मी त्या वाटांसाठीच घेतलीय. म्हणून ९५ मागवायला निघालो होतो तो हात थांबला.

आणि हा भाग लिहायला बसलो तेव्हा डोक्यात आलं की आपण उलट बाजूने सुरुवात करतोय. ओझं तसंच ठेवून स्प्रिंग शोधण्याऐवजी आधी ओझंच शेपटीवरून हलवायचं. टॉप बॉक्स रिकामा चार किलो, त्यात हत्यारं, पंप आणि दोन ट्यूब मिळून सहा. आपल्या २१ इंची आणि १८ इंची ट्यूबा काय वजनाच्या असतात ते एकदा काट्यावर ठेवून बघाच. लिखाण तिथेच ठेवून खाली गेलो, बॉक्स काढला, हत्यारं आणि ट्यूबा क्रॅश गार्डच्या दोन पिशव्यांत दोन्हीकडे सारख्या वाटल्या आणि पुन्हा काटा मांडला. मागून अकरा किलो उतरले. पुढे, टाकी जवळपास रिकामी असताना, १२७ च्या आसपास. म्हणजे आधी भरल्या टाकीला जे पुढचं वजन होतं तेच आता राखीवला मिळतंय.

लगेच रस्त्यावर काढली, मुद्दाम कमी पेट्रोलवर. ११० शांत. ११५ ला एका सांध्यावरून गेल्यावर एक हलका डोल आला आणि दुसरा यायच्या आत विरला. स्प्रिंग तीच, टायर तेच. रिबाउंड (दबलेला शॉकअप परत उघडण्याचा वेग रोखणारी जुळणी) चार क्लिक घट्ट केलाय, त्याचा वाटा असेल, पण तो छोटाच, कारण तेवढाच रिबाउंड बॉक्ससकट करून पाहिला होता तेव्हा हेलकावा फक्त जरा उशिरा आला होता.

आणि आता गणित पुन्हा मांडा. मागे तेहतीस किलो असताना ८५ ची स्प्रिंग : मी ३६, सामान २२, नुसत्या गाडीला बारा उरतात. नेमकं हवं होतं तेच! ९५ बाद, ८५ पक्की. ती मागवली आहे. इथे एक सांगतो : ज्या विक्रेत्याने गाडीचं मॉडेल ऐकून लगेच ‘कडक स्प्रिंग’ पाठवतो म्हटलं त्याच्याकडून मी घेतली नाही. ज्याने गिअर घातलेलं वजन, सामानाचं वजन आणि चालूचा सॅग विचारला, लिंकेजचं गुणोत्तर मी मोजलंय म्हटल्यावर तेही लिहून घेतलं, त्याच्याकडून घेतली. सस्पेन्शनचा माणूस तुमचं वजन विचारत नसेल तर दुसरा शोधा. गाडीसोबत येणारा, कॉलर फिरवायचा हूक पानाही इथे कामाचा नाही, पत्रा मऊ असतो आणि कॉलरच्या खाचा खराब करतो. जाड, पिनवाला पाना वेगळा घ्या.

क्रॅश गार्डच्या पिशव्यांबद्दल मात्र सावध. पाय टेकवायला बाहेर काढला आणि मागे राहिला तर पिशवी आणि जमीन यांच्यात नडगी अडकू नये इतक्या त्या उंच आणि पुढे हव्यात, आणि रेडिएटरच्या तोंडावर यायला नकोत. माझ्या जरा खाली आहेत, कंस दोन बोटं वर घेणार आहे. उभं राहून चालवताना गुडघ्याला लागतात का तेही बघायचंय.

स्प्रिंग येईपर्यंत कोणाच्या गाडीला हा हेलकावा आला तर : थ्रॉटल हळू सोडा, गुडघ्यांनी टाकी धरा, छाती पुढे टाका, हँडल घट्ट आवळू नका आणि ब्रेकवर तुटून पडू नका. पुढे झुकण्याने फरक पडतो हे मी आता काट्यासकट मानतो. टाकीवर झोपलं की पुढचा आकडा डोळ्यांदेखत चढतो.

खरं तर पुढचा बेत नवीन काचेचा होता. तो मागे ढकललाय. आता डोळा ॲल्युमिनियमच्या पेट्यांवर आहे. पेट्या रिकाम्या प्रत्येकी पाच किलो, वर त्यांची लोखंडी चौकट पाच. पंधरा किलो तर नुसतं भांडं. चौकट न लागणाऱ्या मऊ बॅगा घेतल्या तर यातले निदान दहा वाचतात, आणि त्या सीटला चिकटून बसतात म्हणून वजन आतही येतं. कुलूप नाही आणि सायलेन्सरच्या बाजूला उष्णतारोधक पत्रा लावावा लागेल, हे दोन तोटे दिसतात. पण तेही झालं तर माझ्या हिशोबाने मागे तेवीस किलोच उरतील, आणि मग ८० ची स्प्रिंगसुद्धा चालून जाईल का, हा नवा भुंगा डोक्यात शिरलाय. स्प्रिंग रवाना व्हायच्या आत विक्रेत्याला फोन करून विचारतोच.

ज्यांच्याकडे हीच गाडी आणि मऊ बॅगा आहेत त्यांनी दोन्ही चाकांखालचं वजन आणि सामानासकट सॅग मोजून कळवा. टाकी किती भरलेली होती तेही लिहा, त्याशिवाय आकडे जुळवता येणार नाहीत.