मीटरवरचा ‘डी’ गेला म्हणजे गिअरबॉक्स गेला असं नाही

ऑटोमॅटिक गाडीच्या मीटरवर पी (पार्किंग), आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह) यांपैकी एखादं अक्षर दिसेनासं झालं की गाडीवाल्याच्या मनात पहिली धास्ती येते ती गिअरबॉक्सची. साहजिकच आहे, त्या खर्चाचा आकडा ऐकून कुणालाही घाम फुटेल. पण चिपळुणात गाड्यांच्या वायरिंगचं काम करताना मी बघत आलोय, की अशा तक्रारीचं मूळ पुष्कळदा गिअरबॉक्सच्या बाहेरच सापडतं. एखाद्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये), अर्थिंगच्या बोल्टखाली, नाहीतर थकलेल्या बॅटरीत.

गुहागरकडचे एक निवृत्त गुरुजी भर पावसाळ्यात गाडी घेऊन आले. “गिअरबॉक्स उतरवावा लागेल म्हणालेत. त्याआधी तू एकदा बघ रे बाबा.” लिव्हर डीमध्ये असताना अक्षर लुकलुकायचं आणि जायचं. त्याच वेळी गाडी जड व्हायची, एकाच गिअरमध्ये अडकल्यासारखी. लिव्हर नेमका कुठे आहे हे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला खात्रीनं कळलं नाही, तर तो गिअर बदलणं थांबवून एका ठरलेल्या गिअरवर गाडी धरून ठेवतो. त्यामुळे चालवणाऱ्याला वाटतं आतलं काहीतरी मोडलंय. खरं तर कॉम्प्युटर तेव्हा गिअरबॉक्स वाचवत असतो.

बोनेट उघडण्याआधी मी गुरुजींना बसवून विचारलं. पीमध्ये सेल्फ लागतो का? एनमध्ये? आरमध्ये टाकल्यावर मागचा दिवा लागतो का? पाऊस असताना जास्त होतं, की कोरड्या दिवशीही? उत्तरं फार मोलाची निघाली. पी आणि एन कधीच चुकले नव्हते, सेल्फ दोन्हीकडे बिनतक्रार लागायचा. चुकायचे ते फक्त आर आणि डी. आर गेला की मागचा दिवाही जायचा. आणि दोन-तीन दिवस ऊन पडलं की सगळं आपोआप ठीक.

ही उत्तरं मोलाची का, ते सांगतो. गिअरबॉक्सच्या अंगावर, लिव्हरची केबल जिथे येऊन जुळते तिथे, एक स्विच असतो. आम्ही त्याला इन्हिबिटर स्विच म्हणतो, स्कॅनरवर, म्हणजे गाडीचे कॉम्प्युटर वाचणाऱ्या यंत्रावर, तो रेंज सेन्सर म्हणून दिसतो. बऱ्याच गाड्यांत त्याच्यातून कॉम्प्युटरकडे चार वायरी जातात. प्रत्येक अक्षरासाठी वेगळी वायर नसते. पीसाठी कुठल्या दोन वायरींत करंट हवा, आरसाठी कुठल्या दोन, अशा जोड्या ठरलेल्या असतात. एक वायर जरी तुटली तरी जी जोडी तयार होते ती कॉम्प्युटरच्या यादीतच नसते, आणि मग तो कुठलंच अक्षर दाखवत नाही. म्हणजे आर आणि डी बिघडतात पण पी आणि एन शाबूत, याचा अर्थ आर आणि डी यांच्यात सामाईक असलेल्या वायरीवर संशय. केबलचं सेटिंग सरकलं असतं तर लिव्हर दोन जागांच्या मध्ये अडकल्यासारखा वागला असता, आणि त्याला पावसाशी काही देणंघेणं नसतं.

तरी बॅटरी मी आधीच तपासतो. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना १० च्या खाली सहसा जायला नको, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. बॅटरी कमकुवत असली की आजच्या गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांबद्दल खोट्या तक्रारी नोंदवत सुटतात, आणि त्यामागे धावण्यात दिवस वाया जातो. गुरुजींची बॅटरी उत्तम होती.

मग स्कॅनर. बिघाडाचा कोड आला पी०७०५ (P0705). हा कोड वाचतानाच फार गाड्यांचं नुकसान होतं, कारण त्याच्या नावात ‘ट्रान्समिशन’ (म्हणजे गिअरबॉक्स) हा शब्द आहे आणि तेवढाच वाचून गिअरबॉक्सला दोष दिला जातो. पूर्ण वाचलं तर तो रेंज सेन्सरच्या सर्किटबद्दल बोलतो, आतल्या क्लचबद्दल किंवा तेलाबद्दल नाही. कोडपेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो लाइव्ह डेटा, म्हणजे कॉम्प्युटरला त्या क्षणी काय दिसतंय ते. लिव्हर डीमध्ये असताना गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरलाही डी दिसतोय, पण मीटर कोरं आहे, असं असेल तर स्विच निर्दोष. मग मीटर बघायचं, त्याचा फ्यूज, त्याची अर्थिंग आणि दोन कॉम्प्युटरमधली कॅन लाइन, म्हणजे ते ज्यावरून एकमेकांशी बोलतात ती वायरींची जोडी. ज्या गाड्यांत मध्ये गेटवे (निरोप पुढे पोहोचवणारा वेगळा कॉम्प्युटर) नसतो, तिथे बॅटरी काढून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ६० ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. १२० आला तर लाइनच्या एका टोकाचा रेझिस्टर तुटला आहे किंवा मधली वायर. पण कॉम्प्युटरलाच लिव्हर कुठे आहे ते दिसत नसेल, तर शोध स्विच, त्याची वायरिंग आणि केबल एवढ्यावरच येतो. गुरुजींच्या गाडीत मी वायरिंग हलवली की स्कॅनरवरचा डीही गायब व्हायचा. म्हणजे गाडीचं मीटर निर्दोष सुटलं.

वायरीत करंट पोहोचतोय का ते बघताना मी मल्टिमीटरच्या ओहमवर (वायरीचा अडथळा मोजण्यावर) भरवसा ठेवत नाही. वायरीच्या आतल्या दहा तारांपैकी एकच शाबूत असली तरी मल्टिमीटर ‘जोडलेली आहे’ असंच सांगतं. चावी चालू ठेवून, कपलरच्या मागून बारीक पिन घालून व्होल्ट बघायचे. वायरीचं कातडं टोचायचं नाही, कारण कोकणात त्या टोचलेल्या भोकातून पाणी आत शिरतं आणि वर्षभरात वायर आतून काळी पडते. अर्थिंगचंही तसंच. बॅटरीचा मायनस आणि गिअरबॉक्सचं अंग यांच्यात लोड चालू असताना ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर बोल्ट खोलून जागा घासलीच पाहिजे. इथे अर्थिंग साफ होती. पण संशयित वायर स्विचच्या बाजूला पूर्ण १२ व्होल्ट दाखवत होती आणि कपलरच्या पलीकडे, वायरिंग हलवताच, सात-आठवर यायची.

कपलर उघडला. सीलचं रबर आकसलेलं, आत ओल, आणि एका पिनेवर हिरवा गंज. गाडी समुद्राजवळ उभी राहते, खाऱ्या हवेत पितळ आणि तांबं असंच सडतं. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर इथल्या किती गाड्यांचे कपलर मी असे उघडले असतील! वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलेली गाडी वरून धुऊन चकचकीत दिसते, पण कपलरमधला गाळ आणि गंज महिन्यांनी डोकं वर काढतो. म्हणून आमच्या भागात जुनी ऑटोमॅटिक गाडी घेणाऱ्याला मी खालचे कपलर उघडून बघायला आवर्जून सांगतो.

दुरुस्ती छोटी होती. ती पिन बदलून वायरीवर नीट दाबून बसवली (क्रिम्प केली), बाकीच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केल्या, नवीन सील बसवून आत ओल रोखणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं. स्विच जुनाच ठेवला, त्याच्यात काही दोष नव्हता. वायर पिळून वर टेप गुंडाळण्याचं काम मी या जागी कधीच करत नाही. त्यानंतर मुसळधार पावसात कुंभार्ली घाट चढून उतरलो. स्कॅनर लावलेलाच होता, डी एकदाही हलला नाही.

तुमच्या गाडीत असं झालं तर गॅरेजला जाण्याआधी मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण हा दोष मेकॅनिकसमोर हमखास लपतो. गिअरबॉक्स खोलायचं कुणी म्हणालं, तर ‘लाइव्ह डेटात लिव्हर कुठे दिसतोय ते मला दाखवा’ एवढं जरूर सांगा. आणि दोष निघेपर्यंत, पी दिसो वा न दिसो, गाडी उभी करताना हँडब्रेक पूर्ण ओढा. उतारावर चाकाखाली दगड लावा. गिअर खरंच पीमध्ये बसलाय की नाही हे सांगणारं ते अक्षरच तुमच्याकडे राहिलेलं नसतं.