रॅम्प आहे हो, पण चढायचा कसा?

"तिथे रॅम्प आहे की, मग प्रॉब्लेम काय?" असं कुणी म्हणालं की व्हीलचेअरवर बसलेली मी पहिल्यांदा विचारते, लांब किती आहे? गणित साधंय, उतार साधारण १:१२ धरतात, उंचीच्या बारापट लांबी, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या एका पायरीला १.८ मीटरचा रॅम्प लागतो, पण जागा नाही म्हणून तो दोन-तीन फुटांत उरकतात आणि मग त्याची घसरगुंडी होते. स्वतः ढकलत चढायला जावं तर पुढची चाकं उचलली जातात, खुर्ची मागे कलंडायला बघते, आणि कसंबसं वर पोचलं तरी दारापुढे सपाट जागाच नाही, म्हणजे एका हाताने दार उघडा आणि दुसऱ्याने खुर्ची धरून ठेवा. बनवणाऱ्याने एकदा बसून बघितलं असतं तरी कळलं असतं!

ट्रेनचं अजून वेगळं. प्लॅटफॉर्म आणि डबा यांच्यातली फट चालणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, पण व्हीलचेअरची पुढची चाकं छोटी, गरगर फिरणारी, ती जरा आडवी झाली की बरोब्बर फटीत जाऊन बसतात. म्हणून बरेच जण उलटे चढतात, मोठी चाकं आधी, आणि तेवढ्यात डब्यातला कुणीतरी न विचारता हँडल धरून ओढतो. बाबा रे, मनापासून थँक्यू, पण आधी विचार!

लो-फ्लोअर बस मात्र खरंच चांगली, कडेला झुकते, रॅम्प बाहेर येतो. फक्त ती फुटपाथला चिकटून थांबायला हवी. स्टॉपवर कुणी गाडी लावून ठेवली की ड्रायव्हर बस लांबच थांबवतो, रॅम्प थेट रस्त्यावर टेकतो आणि चढ एकदम वाढतो. बस नवी कोरी आणि मी खालीच.

आणि हे जे काही मिळालंय तेही सुखासुखी नाही मिळालेलं. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये १९ अपंग लोक बसेसच्या पुढ्यात जाऊन बसले, काहीजण तर खुर्चीतून उतरून रस्त्यावर आडवे झाले, का तर बसमध्ये चढता येत नव्हतं म्हणून. तिथला देशभराचा अपंगत्व कायदा आला थेट १९९० मध्ये.

मला सगळ्यात जास्त वैताग येतो तो "आधी कळवा"चा. मदत हवी तर आदल्या दिवशी फोन करा, गाडी सांगा, डबा सांगा. म्हणजे सहज उठून निघायचंच नाही, मैत्रिणीकडे थोडं जास्त थांबायचं नाही, कारण ठरलेली गाडी चुकली की उतरवायला पुढे माणूसच नाही. माणसाची सोय नको असं म्हणत नाहीये मी, पण डबा आणि प्लॅटफॉर्म एका लेव्हलला असले तर माणूस लागतोच कशाला?

लिफ्ट बंद पडते, मान्य, मशीनच आहे ते. पण बंद आहे हे मला घरातून निघायच्या आधी मोबाईलवर दिसू दे ना. "पुढच्या स्टेशनवर लिफ्ट चालू आहे, तिकडून जा" हे जिन्याच्या तळाशी उभं राहून सांगतात, आणि पुढच्या स्टेशनला जाणारी गाडी वरच्या प्लॅटफॉर्मवरून सुटते.