ठिपक्यांच्या मागच्या रेघा

रिॲक्टरमधून निघालेला झिर्कलॉय-२ चा (हा झिर्कोनियमचा मिश्रधातू) नमुना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये गेला की नवी मुलं लगेच काळे ठिपके मोजायला बसतात. ठिपके असतातही ढिगाने, मोजता मोजता संध्याकाळ होते. मी म्हणते, ते राहू दे, आधी नमुना कलव.

ते ठिपके म्हणजे ए-लूप. इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या करतात, कारण हा धातू न्यूट्रॉन फारसे गिळत नाही (सोबत सापडणारा हाफ्नियम मात्र अधाशी, म्हणून तो आधी वेगळा काढावा लागतो). पण गिळले नाहीत म्हणून धडका थोड्याच चुकतात? वेगवान न्यूट्रॉनने उडवलेला अणू पुढच्या कित्येक अणूंना जागेवरून हुसकावतो. नळीच्या आयुष्यात प्रत्येक अणू सरासरी दहाहून अधिक वेळा असा हलतो, आणि तरीही धातू स्फटिकच राहतो! बहुतेक अणू क्षणार्धात कुठल्या ना कुठल्या जागेवर बसतात. उरतात त्या रिकाम्या जागा आणि घुसखोर अणू, आणि त्यांच्या चकत्या जमतात; याच चकत्यांना लूप म्हणतात. रिॲक्टरच्या सुमारे ३०० अंश सेल्सिअसला ए-लूपचा व्यास साधारण ५ ते २० नॅनोमीटर असतो. ते लवकर येतात आणि लवकरच त्यांची संख्या स्थिरावते. धातू कडक होतो, त्याचा ताणला जाण्याचा गुण घटतो. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे.

मला रस आहे तो उशिरा येणाऱ्यांत. झिर्कोनियमच्या षटकोनी स्फटिकात अणूंचे सपाट थर एकावर एक रचलेले असतात: थर म्हणजे बेसल पातळी, थरांना काटकोनातली दिशा ती सी, थरातली ती ए. नमुना कलवून ०००२ चं, म्हणजे या थरांचं, परावर्तन घेतलं की ए-लूप दिसेनासे होतात, आणि न्यूट्रॉनच्या माऱ्याची मात्रा पुरेशी झाली असेल तर बेसल पातळीला समांतर बारीक सरळ रेघा उमटतात. हे सी-लूप, कडेने पाहिलेले. वेगवान न्यूट्रॉनची मात्रा दर चौरस मीटरला साधारण ३ × १०^२५ होईपर्यंत ते सहसा दिसतच नाहीत. ही चकती अणूंची नव्हे, अणू नसण्याची: पत्त्यांच्या कॅटमधल्या एका पत्त्यातून गोल तुकडा कापून घ्यावा आणि वरचे पत्ते त्यात बसावेत, तसं. षटकोनी स्फटिक सी-दिशेने आखडतो आणि ए-दिशेने वाढतो. आकारमान जवळपास तेवढंच राहतं. बाहेरून काहीही ताण नसताना नळी लांब होते, आणि सी-लूप आले की लांबण्याचा वेग वाढतो.

हे सगळे खेळ स्फटिकाला दिशा आहे म्हणून. घनाकृती रचनेच्या पोलादात लूप होतात, पण असं एका बाजूला लांबणं नाही. शिवाय नळी ओढून घडवताना धातूतल्या बहुतेक स्फटिककणांचे सी-अक्ष नळीच्या लांबीला आडवे पडतात, त्यामुळे प्रत्येक स्फटिककणाची वाढ एकाच दिशेला जमा होते. तारापूरच्या ३ आणि ४ नंबरच्या ५४० मेगावॅटच्या रिॲक्टरांत झिर्कोनियम-२.५ टक्के नायोबियमच्या दाबनळ्या (इंधन ज्यांत बसतं त्या वाहिन्यांच्या नळ्या) आहेत. तिथे क्रीपही (ताणाखाली धातूचं हळूहळू ताणलं जाणं) हातभार लावतो, म्हणून वाहिनीच्या टोकांना सरकायला जागा ठेवावीच लागते.

सी-लूपना इतका उशीर का? माझा कौल लोखंडाला. झिर्कलॉयमधले लोह-क्रोमियमचे बारीक कण मारा खाऊन कडेपासून काचेसारखे, म्हणजे स्फटिकाची मांडणी हरवलेले, होत जातात आणि त्यांतलं लोह भोवतालच्या धातूत उतरतं. लोह-निकेलचे कण त्याच तापमानाला स्फटिक राहतात, पण झिजतात. लोह पसरायला वेळ लागतो, आणि सी-लूपही त्याच सुमारास दिसू लागतात. याला सगळ्यांची मान्यता नाही, आणि माझे एक सहकारी यावर अजून भांडतात.

म्हणूनच 'प्रत्येक अणू किती वेळा हलला' या एका आकड्यावर मी कधी समाधान मानत नाही. त्या आकड्यात तापमान नाही, लोह कुठे गेलं ते नाही, दिशा तर नाहीच. ए-लूप मध्ये मध्ये येत असतील तर नमुना ४५० अंशांच्या आसपास तापवा: ते बरेचसे निघून जातात, सी-लूप टिकतात. फोटो मात्र तापवण्याआधीही काढून ठेवा, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार?