आमची वाटचाल : जत्रेतल्या नाटकापासून टॉम पेटीपर्यंत

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या देवळांची उत्सवी नाटकं हा आमच्या ध्वनिव्यवस्थेच्या धंद्याचा पाया. रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीलगत तीन माइक, मंडपाच्या खांबांना चार कर्णे, एक ॲम्प्लिफायर आणि वीज गेली तर बॅटरी, एवढ्यावर रात्रभराचं संगीत नाटक निभावायचं. तिथे प्रेक्षकांची मागणी एकच असते: शेवटच्या रांगेत बसलेल्या आजीला शब्द कळले पाहिजेत. ऑर्गन-तबला थोडा मागे राहिला तरी कोणी ओरडत नाही, पण पदातला एक शब्द गिळला गेला की दुसऱ्या दिवशी कमिटी बिलातून पैसे कापते. नाटकांमागून भजनस्पर्धा आल्या, शिगम्याचे चित्ररथ आले, बार्देस-सासष्टीतले बँडचे बीट शो आले. आता वर्षातली बरीच कामं स्मरण-मैफलींची असतात. दिवंगत गायक-गीतकाराची गाणी स्थानिक वादक वाजवतात. आवाज, मंच, निवेदन आणि परवाने आमच्याकडे. या कामाची पद्धत आमची कशी बसत गेली हे सांगायला टॉम पेटी या अमेरिकन रॉक गायक-गीतकाराचा कार्यक्रम सगळ्यात सोयीचा, कारण त्यात जवळजवळ प्रत्येक अडचण एकदा तरी येते.

पेटी अमेरिकेतल्या फ्लॉरिडामधल्या गेन्सव्हिलचा. जन्म 20 ऑक्टोबर 1950, मृत्यू 2 ऑक्टोबर 2017. हार्टब्रेकर्स या त्याच्या बँडची पहिली तबकडी 1976 सालची. गिटारवर माइक कॅम्पबेल आणि कीबोर्डवर बेनमाँट टेन्च हे दोघे शेवटपर्यंत सोबत राहिले. त्याचं काम नुसतं ‘गायक आणि मागचे वादक’ असं बघितलं तर कार्यक्रम फसतो. 1981 मध्ये स्टीव्ही निक्सबरोबरचं युगलगीत, 1985 मध्ये डेव्ह स्ट्यूअर्टबरोबर लिहिलेलं इलेक्ट्रिक सितारीचं गाणं, 1986 मध्ये बॉब डिलनच्या दौऱ्यात अख्खा बँड साथीला, 1988 मध्ये जॉर्ज हॅरिसन, डिलन, रॉय ऑर्बिसन आणि जेफ लिन यांच्यासह ट्रॅव्हलिंग विल्बरीज हा पाच जणांचा बँड, 1989 मध्ये लिनच्या निर्मितीखाली ‘फुल मून फीव्हर’. ही सगळी वाट दुसऱ्यांच्या आवाजांतून जाते. म्हणून आमच्याकडे पेटीच्या कार्यक्रमाचा पहिला कागद हा गाण्यांच्या यादीचा नसतो, कोण कुठे गातो याच्या तक्त्याचा असतो.

विल्बरीजचं ‘हँडल विथ केअर’ घ्या. कडवी हॅरिसनची, मधला उंच भाग ऑर्बिसनचा, त्याला लागून डिलन आणि पेटी एकत्र. एकाच गाण्यात मुख्य आवाज तीनदा बदलतो. मिक्सरवर बसलेल्या माणसाला हे पाठ नसेल तर ऑर्बिसनचा भाग गाणारा बिचारा पहिल्या ओळीला बंद माइकसमोर उभा असतो. आमच्या तक्त्यात प्रत्येक ओळीसमोर मिक्सरवरच्या चॅनेलचा आकडा लिहिलेला असतो. मुख्य गायक 17, दुसरा 18, तिसरा 19, गायिका 20, आणि गाणं कुठलंही असो, हे आकडे बदलत नाहीत. हार्टब्रेकर्सच्या गाण्यांत साथीचे आवाज मुख्य आवाजापेक्षा 3 ते 4 डेसिबल खाली ठेवतो. विल्बरीजच्या गाण्यांत सगळे सारखे. हा फरक केला नाही तर पाच जणांचं गाणं एकाचंच वाटतं, आणि मग ते का निवडलं हेच कळत नाही.

दुसरा-तिसरा आवाज ही गोव्यात सोपी आणि अवघड, दोन्ही गोष्ट आहे. सासष्टीत चर्चच्या गायकवृंदात वाढलेल्याला दुसरा आवाज द्या म्हटलं की तो तालमीच्या पहिल्याच दिवशी देतो. फोंडा-डिचोलीकडच्या, भजनात तयार झालेल्या गळ्यांचं उलट. सूर पक्का, दम मोठा, पण सवय सगळ्यांनी एका सुरात गाण्याची, त्यामुळे तिसऱ्या ओळीला साथीदार हळूच मुख्य सुरावर येऊन बसतो. उपाय हार्मोनियमचा. मुख्य गायकाला बाजूला ठेवायचं आणि साथीदाराला फक्त त्याचीच ओळ हार्मोनियमवर चार दिवस घोटायला लावायची, जणू तीच मूळ चाल आहे. पाचव्या दिवशी दोघांना एकत्र आणायचं. 1989 च्या ‘आय वोन्ट बॅक डाउन’मध्ये हॅरिसननेही साथीचा आवाज दिला आहे. ते गाणं या सरावाला उत्तम, संथ आणि सरळ.

पट्टीचा प्रश्न गिटारवाल्यांना कॅपोने (गिटारीच्या दांड्यावर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) सुटेल असं वाटतं, तो अर्धाच सुटतो. ‘फ्री फॉलिन’ मूळ एफमध्ये, म्हणजे आपल्या हार्मोनियमवरची पांढरी चार. तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावून डी पट्टीतल्या कॉर्डच्या आकृत्या वाजवल्या की एफ मिळतो. गायकाचा वरचा भाग फाटत असेल तर कॅपो पहिल्या पडद्यावर आणा, काळी दोन मिळेल. तरीही जड जात असेल तर कॅपो काढून टाका, पांढरी दोन. याच आकृत्या ठेवायच्या तर त्याच्या खाली मात्र कॅपो काही करू शकत नाही. तिथे अर्धा सूर उतरवून लावलेली दुसरी गिटारच लागते. हे तालमीत ठरवायचं असतं, मंचावर नाही. ‘लर्निंग टू फ्लाय’ तर चार कॉर्डच्या एकाच चक्रावर चालतं, एफ, सी, ए मायनर, जी. बदल कॉर्डमध्ये नाही, वाद्यांच्या येण्या-जाण्यात आहे. पहिल्या कडव्यापासून सहाही जण वाजवायला लागले तर तिसऱ्या कडव्यात वाढवायला काही उरत नाही.

आता बारा तारांची गिटार. ती या संगीताचा रंग आहे आणि आमच्या हवामानातली डोकेदुखीही. खालच्या चार जोड्यांत एक तार सप्तक वर, वरच्या दोन जोड्या एकाच सुरात. रिकनबॅकर कंपनीच्या बारातारीत जोडीतली जाड तार आधी येते, त्यामुळे वरून खाली मारलेल्या फटक्यात खर्ज आधी वाजतो. साधी बारातारी आणून ‘तसा आवाज का येत नाही’ म्हणणाऱ्यांना हे आधी सांगावं लागतं. तारा कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी बदलायच्या, हाताने ओढून ताणून घ्यायच्या, रात्रभर ठेवून पुन्हा लावायच्या. त्याच संध्याकाळी नव्या तारा चढवल्या तर तिसऱ्या गाण्यात उतरतात. वातानुकूलित खोलीतून गिटार उघड्या मंचावर आणली की तार गरम होऊन सैल पडते आणि सूर खाली जातो, वर गार पृष्ठभागावर दव धरतं. म्हणून गिटारी तासभर आधी मंचावर, दिव्यांपासून दूर, स्टँडवर. बारा तारांवर कॅपो पडद्याला अगदी चिकटून लावायचा, नाहीतर जाड तारा दाबून वर चढतात. लावल्यावर पुन्हा ट्यूनर.

इथे मराठी निवेदन आमच्या मदतीला येतं. रॉकच्या कार्यक्रमात गाण्यांमध्ये बोलायचं नाही असा एक समज आहे. आम्ही तो मोडला. भावगीतांच्या मैफलीत निवेदक असतो तसा इथेही ठेवतो, कारण गिटार बदलून लावायला 40 सेकंद लागतातच. ती शांतता प्रेक्षकांना खुपते. निवेदनाचा मजकूर 40 सेकंदांचाच लिहायचा, त्यात साल, सोबत कोण आणि गाण्यात काय ऐकायचं एवढंच. उदाहरणार्थ, ऑर्बिसन 6 डिसेंबर 1988 ला गेला, विल्बरीजची पहिली तबकडी बाहेर आल्यावर दोन महिन्यांच्या आत. हे सांगून गाणं सुरू झालं की मधल्या उंच भागाला प्रेक्षागृह आपसूक शांत होतं. टोपी, विग, काळा चष्मा घालून पेटी ‘होणाऱ्या’ गायकांचे प्रस्ताव आम्ही घेत नाही. तो वेगळा धंदा आहे.

1985 च्या त्या गाण्याला लागणारी इलेक्ट्रिक सितार गोव्यात भाड्याने मिळत नाही. खरी सितार आणून बघितली. माइक लावला की तरफेच्या (खाली आपसूक घुमणाऱ्या) तारा बास आणि ड्रमबरोबर घुमू लागतात आणि मॉनिटर, म्हणजे गायक-वादकांना ऐकायला मंचावर ठेवलेला स्पीकर, शिट्टी घालतो. शिवाय सितारीचा षड्ज सहसा काळी एकच्या आसपास. गाण्याची पट्टी दूर असेल तर तारा तेवढ्या ओढता येत नाहीत, ओढल्या तरी टिकत नाहीत. सध्या तोडगा कीबोर्डवरच्या सितारीच्या आवाजाचा. ऐकणाऱ्याला फरक कळतो हे मान्य. टेन्चच्या ऑर्गनचंही तसंच. हॅमंड ऑर्गन आणि त्याचा फिरता स्पीकर कोणी उचलून आणत नाही, पण कीबोर्डचा आवाज दोन डीआय बॉक्समधून (वाद्य थेट मिक्सरला जोडायच्या डब्या) डावा-उजवा घेतला आणि वादकाने फिरण्याचा वेग कडव्यात संथ, ध्रुवपदात जलद ठेवला तर काम भागतं. एकाच तारेने घेतलात तर ते फिरणं मरतं.

मंचावर एकूण 24 चॅनेल लागतात. ड्रमला सहा, बासला एक, गिटारींना सहा, कीबोर्डला दोन, हार्मोनिकाला एक, बाकी आवाज आणि राखीव. गाण्याच्या माइकमागे मॉनिटर कुठे ठेवायचा हे माइकवर अवलंबून असतं. कार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरचं ऐकणारा) अगदी पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर समोर एकच. सुपरकार्डिऑइड समोरचं आणखी अरुंद ऐकतो, त्याचा बहिरा कोन सुमारे 125 अंशांवर, म्हणून दोन मॉनिटर तिरके. मुलं सवयीने सगळीकडे एकच समोर ठेवतात आणि मग शिट्टी आली की इक्वलायझरवर राग काढतात. गाण्याच्या प्रत्येक चॅनेलवर 120 हर्ट्झखालचं कापून टाकतो. नाटकातली जुनी सवय, शब्द मोकळा होतो.

उघड्यावर कार्यक्रम असेल तर अर्धं काम परवान्यांचं. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, हा 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग. मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षाकाठी सरकार जाहीर करील त्या मोजक्याच, जास्तीत जास्त 15 दिवसांपुरती. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त किंवा 75 डेसिबल, यांतलं जे कमी ते. हिशेब सोपा आहे: मोकळ्या जागेत अंतर दहापट झालं की आवाज 20 डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून 10 मीटरवर 95 मिळत असतील तर 100 मीटरवर 75. वस्ती त्याआधी असेल तर मंचाचं तोंड फिरवायचं, स्पीकर खाली झुकवायचे. तक्रार मात्र बहुतेक वेळा बासची येते, जो या मापात पुरता धरला जात नाही. तीन सबवूफर (फक्त बासचे स्पीकर) एकावर एक रचून मधला उलट्या तोंडाने, उलट्या फेजमध्ये आणि योग्य विलंबाने लावला की मागच्या घरांकडे जाणारा बास बराच कमी होतो. शेवटचं गाणं 9:50 ला संपेल अशीच यादी बांधतो, अठरा गाणी, त्यापुढे नाही. गीत आणि चाल जाहीरपणे सादर करायची तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचा परवाना हवा. रेकॉर्ड केलेलं संगीत वाजवणार असाल तर त्या ध्वनिमुद्रणाचा वेगळा. आयोजक दुसऱ्याबद्दल ऐकून असतात, पहिल्याबद्दल नसतात.

लांब मैदानात मागच्या लोकांसाठी दुसरे स्पीकर लावले की, पुढचा आणि मागचा आवाज एकत्र पोचावा म्हणून, त्यांना विलंब द्यावा लागतो. 30 अंश तापमानात आवाज सेकंदाला सुमारे 349 मीटर जातो, म्हणजे 20 मीटरला साधारण 57 मिलिसेकंद. पुस्तकात दिलेला 343 हा आकडा 20 अंशांचा, आपल्याकडे डिसेंबरच्या रात्रीही तो क्वचितच लागू पडतो. आणि दमट हवेत आवाज ‘जड’ होतो असं जे म्हणतात ते उलटं आहे. तीक्ष्ण आवाज जास्त खाते ती कोरडी हवा.

विजेत सगळ्यात धोकादायक गोष्ट म्हणजे जनरेटरचा सैल न्यूट्रल. तो सुटला की 230 च्या जागी 400 व्होल्टपर्यंत जाऊन मिक्सर, ॲम्प, कीबोर्ड एका क्षणात जातात. म्हणून काही जोडण्याआधी मीटर: फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ 2 व्होल्टच्या आत. दिवे एका फेजवर, आवाज दुसऱ्यावर. दिव्यांच्या डिमरची गुणगुण सिंगल कॉइल पिकअपच्या गिटारीत थेट शिरते आणि संथ गाण्यात ती ड्रमपेक्षा जास्त ऐकू येते.

जून ते सप्टेंबर सामान बसून असतं, पण काम बंद नसतं. माइकच्या तारांच्या एक्सएलआर प्लगच्या पिना खाऱ्या हवेने हिरव्या पडतात, स्पीकरचे कागदी कोन ओल धरतात. ॲम्प आणि स्पीकर आठवड्यातून दोनदा तासभर चालवायचे, माइक बंद डब्यात सिलिका जेलसह, बारातारी अर्धा सूर उतरवून.

पुढच्या हंगामासाठी अमेरिकन गायक जॉनी कॅशच्या 1996 च्या ‘अनचेन्ड’ तबकडीवरचा भाग जोडतो आहोत. तिच्यात साथीला पेटी आणि हार्टब्रेकर्स होते. तिथे खर्जाचा गळा लागेल, आणि खर्जाचा गायक माइकला ओठ टेकवून गायला की आवाज गदळ होतो. 120 ची कात्री तिथे 80 वर आणावी लागेल. तालमींना तो माइकपासून चार बोटं दूर राहील असा एक तारेचा आडवा अडसर आम्ही स्टँडला बांधून ठेवला आहे.